गंगेच्या पाण्याची परीक्षा

वाराणसीत मणिकर्णिका घाटाला लागून शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो १८३० मध्ये बांधविला. पायथ्याशी कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर पाहण्यासाठी यात्रेकरू येथे थांबतात, स्नान करतात, पाणी तोंडातही घेतात. येथे गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणून शिंदे घाटाशी येईपर्यंत तिने शहराचा बराचसा काठ ओलांडलेला असतो आणि वाटेतल्या नाल्यांचे सांडपाणीही तिला मिळालेले असते.

सांडपाण्यातील मैल्याबरोबर पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू पाण्यात उतरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत; नितळ पाणीही दूषित असू शकते. म्हणून प्रयोगशाळेत कोलिफॉर्म नावाचे जिवाणू मोजतात. मानवी विष्ठेत ते विपुल असतात, त्यामुळे पाण्यात मैला मिसळल्याची ती खूण ठरते. स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा, असे भारतातील मानक आहे.

ही मोजणी लोकांपुढे ठेवण्याचे काम वाराणसीत संकटमोचन फाउंडेशनने केले. वीरभद्र मिश्र यांनी ही संस्था १९८२ मध्ये स्थापन केली. ते संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे प्राध्यापकही. गंगास्नान हा त्यांचा नित्यनेम होता. गंगा मलिन झाली, हे परक्याने सांगितले तर श्रद्धाळू माणूस दुखावतो. रोज तिच्यात उतरणाऱ्या महंताचे मात्र तो ऐकून घेतो. या कार्याचे खरे बळ बहुधा येथेच होते.

१९८६ मध्ये केंद्र सरकारने गंगा कृती योजना सुरू केली. सांडपाणी पंपांनी उचलून शुद्धीकरण केंद्राकडे नेण्याची व्यवस्था झाली. परंतु वीज गेली की पंप थांबत आणि मैला पुन्हा नदीत जाई. पुराच्या दिवसांत तर पंप बंदच ठेवावे लागत. १९९३ मध्ये फाउंडेशनने तुलसी घाटावर प्रयोगशाळा उभारली. तेथील आकड्यांच्या आधारे मिश्र यांनी योजनेतील उणिवा दाखविल्या आणि सांडपाणी उताराने वाहून तलावांत शुद्ध व्हावे, असा पर्याय मांडला.

२०१३ मध्ये मिश्र यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र विश्वंभरनाथ मिश्र यांनी हे काम पुढे चालविले. २०१४ मध्ये 'नमामि गंगे' कार्यक्रम आला. २०१८ मध्ये दीनापूर येथे दररोज १४ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करू शकणारे नवे केंद्र सुरू झाले. केंद्र उभे राहिले तरी एखादा नाला अजून नदीला मिळतो की नाही, हे घाटावरून भरून नेलेले बाटलीभर पाणीच सांगते.