अनोळखी उंबरठे

“परिक्रमेला निघतांना बरोबर किती पैसे घ्यावे?” असा प्रश्न नर्मदापरिक्रमा करून आल्यापासून मला पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. निघण्यापूर्वीं मींहि तोच विचारला होता. परंतु वाटेंत घडलेल्या दोन गोष्टी सांगितल्यावांचून त्याचें उत्तर पुरें होणार नाहीं.

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारें १,३१२ किलोमीटर वाहून भडोचजवळ खंबायतच्या आखाताला मिळते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची, तिचें पात्र कोठेंहि ओलांडावयाचें नाहीं, असा परिक्रमेचा नियम. ओंकारेश्वराहून निघणारा दक्षिण तीरानें समुद्रापर्यंत जातो, विमलेश्वराहून नावेनें मिठी तलाईस उतरतो, आणि उत्तर तीरानें अमरकंटकला वळसा घालून परततो. परंपरेप्रमाणें यास तीन वर्षें, तीन महिने व तेरा दिवस लागतात. हल्लीं पुष्कळ जण कांहीं महिन्यांतच पुरी करतात. एवढ्या वाटेवर माणूस जगतो तो सदावर्तावर. आश्रम व धर्मशाळा आहेतच. पण त्यांहून अधिक म्हणजे साधे गांवकरी परिक्रमावासीयाला शिधा देतात किंवा पानावर बसवितात. महेश्वरीं राहून १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनीं घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, हें आपण शाळेंत शिकलों. झोंपडींतल्या सदावर्ताचा धडा मात्र कोणत्याच पुस्तकांत नव्हता.

बँकेंतील पस्तीस वर्षांचा हिशेबीपणा गांठीस बांधूनच मी ओंकारेश्वराहून निघालों. पहिल्याच आठवड्यांत निमाडांतील एका खेड्यांत एका शेतकऱ्यानें “नर्मदे हर! या महाराज, आसन लावा,” म्हणून ओसरी झाडून दिली. पोटभर जेवण झालें, निवाऱ्याची झोंप झाली. सकाळीं निघतांना मीं सवयीनें विचारलें, “किती झाले?” गृहस्थ हंसले, परंतु आंत त्यांच्या पत्नीचे भांडीं घांसणारे हात क्षणभर थांबले, तें माझ्या नजरेंतून सुटलें नाहीं. “माईच्या लेकरांचा हिशेब आम्ही ठेवीत नाहीं,” एवढेंच ते म्हणाले. मी ओशाळलों खरा. पण मनांत असेंहि आलें कीं, हीं माणसें खाऊनपिऊन सुखी आहेत, यांना देणें परवडतें.

तो समज सातपुड्यांत गळाला. जुन्या यात्रेकरूंच्या लेखनांत शूलपाणीच्या झाडींत लुटलें गेल्याच्या हकीकती वरचेवर आढळतात. त्या माझ्या वाचनांत होत्या. त्यामुळें नंदुरबार जिल्ह्यांत धडगांवच्या डोंगरांत वाट चुकून, पायाला जखम व अंगांत ताप अशा स्थितींत तिन्हीसांजेला एका झोंपडीपुढें बसलों, तेव्हां माझ्या मनांत भीतीच होती. झोंपडी एका पावरा आजींची होती. त्यांची बोली मला कळेना, माझी मराठी त्यांना अर्धीमुर्धीच कळे. घरची शिस्त आठवून मीं खुणेनें कोरडा शिधा मागितला. आजींनीं सुपांत मक्याचें पीठ आणून ठेविलें. पण चूल पेटविण्यास वांकलों तों डोळ्यांपुढें अंधारी आली. आजींनीं कांहीं न बोलतां सूप उचललें, भाकरी थापिली, उडदाच्या डाळीबरोबर ती माझ्यापुढें ठेविली, आणि मी खातों कीं नाहीं हें पाहत समोर बसून राहिल्या.

वाचकहो, त्या क्षणीं मला सोंवळ्याओंवळ्याच्या चालीरीतींत जन्म काढलेली माझी आई आठवली. आजारी पोराच्या उशाशीं बसतांना तिचा चेहरा असाच दिसे. मी जेवलों.

सकाळीं आजींचा नातू मोडक्यातोडक्या मराठींत बोलूं लागला. त्यांचें खालचें शेत सरदार सरोवराच्या पाण्याखालीं गेलें होतें. त्या धरणाची झळ महाराष्ट्रांतील ३३ गांवांना लागली, हें मीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें, आणि पान उलटलें होतें. ज्या पाण्यानें शेत नेलें, त्याच पाण्याची प्रदक्षिणा करणाऱ्या परक्यासाठीं त्या म्हातारीनें आदल्या रात्रीं डब्याचा तळ खरवडला होता. रिकामा डबा सकाळीं चुलीशेजारीं तसाच पडला होता. “तुम्हांला माईचा राग नाहीं येत?” मीं विचारलें. “धरण माईनें नाहीं बांधलें,” तो म्हणाला, आणि माझी झोळी खांद्यास लावून पुढें चालूं लागला. सडक लागेपर्यंत दोन कोस तो बरोबर आला. मीं नोट पुढें केली तेव्हां त्यानें हात मागें घेतला. या वेळीं मीं आग्रह केला नाहीं. हात जोडले आणि निघालों.

तेव्हां पैशांच्या प्रश्नाचें माझें उत्तर असें: औषधांपुरते, नावेपुरते आणि परतीच्या तिकिटापुरते घ्यावे. “किती झाले?” हे दोन शब्द मात्र घरीं ठेवून जावें.

घरीं आलों, तों एक जुनी गोष्ट टोंचूं लागली. आदल्या उन्हाळ्यांत भर दुपारीं एक वाटसरू आमच्या दाराशीं पाणी मागावयास आला होता, आणि “कोपऱ्यावर हॉटेल आहे,” असें मींच त्याला वरून सांगितलें होतें. तो कोण, कोठला, हें आतां कळणार नाहीं, आणि त्याची भरपाईहि व्हावयाची नाहीं. ही हकीकत ऐकून धाकट्या भावजयीनें दाराशीं पाण्याचा माठ ठेविला, आणि अकरा माणसांच्या कणकेंत आणखी एक मूठ वाढविली. कोणी आलें नाहीं तर ती जास्तीची पोळी रात्रीं माझ्या ताटांत येते. ज्या दिवशीं ती उरत नाहीं, त्या दिवशीं घरांतलीं मुलें मला तें मुद्दाम सांगावयास येतात.