मूळ प्रत शाबूत असते

२०२१ सालच्या मार्च महिन्यात, २२ आणि २३ तारखांच्या सुमारास, जगभरातील असंख्य अँड्रॉइड फोनधारकांना असा विलक्षण अनुभव आला की जीमेल उघडते न उघडते तोच बंद पडते, इतरही कित्येक ॲपची तीच गत होते, आणि फोन पुनःपुन्हा बंद करून सुरू केला तरी परिस्थितीत तिळमात्र फरक पडत नाही. दोष जीमेलचा नव्हता. तो होता ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ या अंतर्गत घटकाच्या ताज्या अपडेटमध्ये; आणि या घटकाचे चित्र पडद्यावर कोठेच दिसत नसल्यामुळे, त्याचे नाव त्या दिवसापर्यंत बहुतेकांच्या कानांवरही आलेले नव्हते.

दुसऱ्या ॲपच्या पोटात वेबपृष्ठ दाखवणे, हे वेबव्ह्यूचे नेमून दिलेले काम. पैसे भरण्याचे पान, ईमेलातील सजवलेला मजकूर, बातमीचा दुवा, हे सारे बहुधा त्याच्याच हातून जाते. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून हा घटक मूळ प्रणालीपासून विलग झाला आणि त्याची दुरुस्ती परस्पर प्ले स्टोअरमधून होऊ लागली. ही तजवीज हितावहच होती, कारण सुरक्षिततेतील छिद्रे बुजवण्यासाठी फोन बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. मात्र ज्या मार्गाने उत्तम दुरुस्ती घरोघर पोहोचते त्याच मार्गाने सदोष दुरुस्तीही पोहोचते. गूगलने पुढे वेबव्ह्यू व क्रोम या दोहोंच्या सुधारलेल्या आवृत्त्या दिल्या. परंतु तोवर ज्यांनी वेबव्ह्यूचे अपडेट काढून टाकले त्यांचे फोन पूर्ववत चालू लागले होते.

हा उपाय लागू का पडतो, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. फोनसोबत आलेली सिस्टम ॲप ज्या विभागात ठेवलेली असतात तो विभाग केवळ वाचनासाठी असतो. आपल्याला तेथे काही लिहिता येत नाही आणि तेथून काही पुसताही येत नाही. अपडेट येते ते या मूळ दस्तऐवजावर खाडाखोड करून नव्हे, तर आपल्या छायाचित्रांच्या व निरोपांच्या विभागात स्वतंत्र पुरवणी म्हणून दाखल होते, आणि फोन मूळ प्रत बाजूस ठेवून पुरवणीचा अंमल सुरू करतो. पुरवणी रद्द केली की दप्तरातील मूळ प्रत आपोआप पुन्हा अमलात येते. यातूनच हेही स्पष्ट होते की अद्ययावत झालेले प्रत्येक सिस्टम ॲप दोनदा जागा अडवते, आणि तोकड्या साठ्याचा जुना फोन आपण काहीही न भरता भरत का जातो याचे एक मोठे कारण हेच आहे.

आमच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या सहा वर्षांच्या फोनवर वीजबिल भरण्याचे पान कोरेच उघडू लागले, तेव्हा दुरुस्तीच्या दुकानात त्यांना फॅक्टरी रीसेट करण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला मला अनुचित वाटतो. रीसेटने सिस्टम ॲप मूळ प्रतीवर येते हे खरे, पण ते नुसते अपडेट काढूनही येते. वर रीसेटमध्ये नातवंडांची छायाचित्रे जातात ती निराळीच, आणि एवढे होऊन तेच सदोष अपडेट प्ले स्टोअर पुन्हा आणून बसवू शकते. बाईंचा फोन अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीचा होता. सातव्या, आठव्या व नवव्या आवृत्तीत वेबव्ह्यूचे काम सामान्यतः क्रोमच करतो, म्हणून तेथे वेबव्ह्यू निष्क्रिय दिसला तर तो बिघाड समजू नये. अपडेट काढायचे ते क्रोमचे. तसे केले, आणि बिल भरले गेले.

मात्र प्रथम साध्या गोष्टींची खातरजमा करावी: तारीख व वेळ बरोबर आहे ना, कारण घड्याळ चुकले की सुरक्षित पृष्ठे उघडत नाहीत, आणि साठ्यात मोकळी जागा आहे ना. मग सेटिंग्जमधील ॲपच्या यादीत सिस्टम ॲपही दिसतील असा पर्याय निवडून संशयित ॲपची कॅशे साफ करावी. कॅशे म्हणजे तात्पुरती टिपणे; ती गेल्याने नुकसान होत नाही. स्टोरेज किंवा डेटा साफ करणे ही सर्वस्वी वेगळी बाब आहे: संपर्क साठवणाऱ्या सिस्टम ॲपचा डेटा पुसला तर ज्यांची नक्कल खात्यात ठेवलेली नाही ते क्रमांक कायमचे जातात. अपडेट काढतानाही त्या ॲपचा डेटा जाईल अशी सूचना येते; ती वाचून, आवश्यक ते जतन करूनच पुढे जावे.

काही फोनांपुढे या उपायांचे चालत नाही. अँड्रॉइड २.३.७ व त्याआधीच्या फोनांवर गूगल खात्यात प्रवेश २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद झाला, आणि किटकॅट आवृत्तीला प्ले सर्व्हिसेसची नवी अपडेट देणे २०२३ साली थांबले. तेथे दोष अपडेटचा नसून मुदत सरल्याचा आहे.

अपडेट काढल्यावर ते लगेच परतू नये म्हणून प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावरील तीन टिंबांखाली आपोआप अपडेट होण्याची खूण काढावी. पण फोन चालू लागला म्हणून तेथेच थांबू नये, ही वाचकांना कळकळीची विनंती. मूळ प्रत फोनइतकीच जुनी असते आणि तिच्यातील सुरक्षिततेची छिद्रेही तितकीच जुनी; म्हणून सुधारलेली आवृत्ती येताच ती बसवावी, आणि काढलेली खूण पुन्हा लावावी.