पुरुषांचं ऐकून घेणाऱ्या

इंदूरच्या राजवाड्याभोवतीच्या आपल्या मराठी घरांत लग्न जुळवताना पत्रिका, पगार, घराणं सगळं बघतात. जवळीक म्हणजे काय, हे मात्र नवरदेवाला कुणीच सांगत नाही. पुढे अडलं की तो भिंतीवरच्या जाहिरातीतला वैद्य गाठतो, क्वचित एखाद्या समुपदेशक बाईंकडे जातो. त्या बाईंना तरी हे काम कुणी शिकवलं?

1921 मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. वाचकांच्या शंकांना त्यात उत्तरं असत. त्याच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये खुद्द बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी शिक्षा टळली नाही. अशा काळात शकुंतला परांजपे या कामात उतरल्या. केंब्रिजला गणित शिकलेली ही बाई खेड्यापाड्यांत जोडप्यांशी उघडपणे बोलायची. त्यांच्यासाठी ना अभ्यासक्रम होता, ना प्रमाणपत्र. त्यांच्या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक होते.

1949 मध्ये धन्वंती रामा राव आणि अवाबाई वाडिया यांनी कुटुंबनियोजन संघटना उभी केली. तिथेच 1974 नंतर डॉ. महिंदर वत्सांनी लैंगिक समुपदेशनाचा आग्रह धरला. पण लगेच आणीबाणीतली नसबंदीची सक्ती आली. पुरुष दवाखान्याला बिचकला तो बिचकलाच. कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाचा सगळा भार बायकांवर आला.

इंदूरपुरतं बोलायचं तर इथे 1951 पासून समाजकार्याचं महाविद्यालय आहे. 1984 मध्ये दंगलीत राजवाडा जळाला, त्याच वर्षी कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमात समुपदेशकांची तरतूद आहे. आता नवरा कोर्टाच्या सांगण्यावरून का होईना, बाईंसमोर बसू लागला.

तो बसतो कसा, हे पाहण्यासारखं असतं. खुर्चीच्या कडेवर, फाईल मांडीवर घट्ट धरून. आधी बायकोच्या तक्रारी, मग ॲसिडिटी, झोप, अशक्तपणा. 'धातू जाते', म्हणजे वीर्य वाया जातं, हे सांगायला तिसरी भेट उजाडते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी 1960 मध्येच या भीतीला मनोविकारशास्त्रात नाव दिलं होतं. ते ठाऊक नसलेली बाई त्याला टॉनिक लिहून घ्यायला पाठवते आणि तो परत येत नाही. कुणी बाईंच्या आपुलकीचा भलताच अर्थ काढतो, रात्री फोन करतो. न दुखावता पण ठाम राहून त्याला थांबवायचं कसं, हे समाजकार्याच्या पदवीत फारसं कुणी शिकवत नाही. संततिनियमन, समाजकार्य, कायदा अशा आडवाटांनीच या बायका इथवर आल्या. पुरुषाचं मन हा त्यांच्या शिक्षणाचा मुख्य विषय कधी झालाच नाही.

2021 च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने समुपदेशकांनाही नोंदणीच्या चौकटीत घेतलं आहे. त्या चौकटीत एक गोष्ट सक्तीची व्हावी: अशा खोलीत एकटीने बसणाऱ्या प्रत्येकीला दर महिन्याला ज्येष्ठ सहकारी बाईंपुढे आपली प्रकरणं आणि आपली भीती मांडता यावी, तीही पगारी वेळेत.