मूळ की संयुक्त? कानपूरच्या सरांनी लावलेला निकाल

बालमित्रांनो, ९१ ही संख्या मूळ की संयुक्त? घाई करू नका हं! २ ने भाग जात नाही, ३ ने नाही, ५ नेही नाही. म्हणून ‘मूळ’ म्हणालात ना? मग ७ ने भागून पाहा. ७ × १३ = ९१!

जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याच संख्येने पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. (१ मात्र मूळ संख्येत धरत नाहीत.) ९७ मूळ आहे हे ठरवायला २, ३, ५ आणि ७ ने भागून पाहिलं की झालं. पण समोर शंभर अंकी संख्या आली तर? मग पन्नास अंकी भाजकांपर्यंत जावं लागेल. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारा संगणक कामाला लावला, तरी विश्वाचं आजवरचं सगळं वय त्याला पुरायचं नाही!

म्हणून गणितज्ञ लवकर उत्तर देणारी रीत शोधत होते. काही रिती झटपट होत्या, पण त्यांत चुकीची बारीकशी शक्यता उरायची. काही अगदी खात्रीच्या होत्या, पण संख्या मोठी झाली की त्यांची दमछाक व्हायची. लवकरही आणि खात्रीनेही सांगणारी रीत कुणालाच सापडली नव्हती. एकापुढे एक ठरावीक पायऱ्या असलेल्या अशा रितीला संगणकाच्या भाषेत अल्गोरिदम म्हणतात.

डॉ. मणींद्र अग्रवाल यांनी अशा रितींचाच ध्यास घेतला. त्यांचा जन्म १९६६ साली अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला झाला. १९८६ मध्ये ते आयआयटी कानपूरमधून बी.टेक. झाले आणि १९९१ मध्ये तिथेच पीएच.डी. त्यांचे मार्गदर्शक होते प्रा. सोमनाथ विश्वास. १९९६ पासून अग्रवाल सर त्याच संस्थेत संगणकशास्त्र शिकवू लागले आणि १९९९ मध्ये आपल्या गुरूंबरोबरच त्यांनी मूळ संख्या ओळखण्याची एक नवी वाट दाखवली. तीत मात्र चुकीची थोडी शक्यता होतीच.

ती वाट समजून घ्यायला वही-पेन्सिल घ्या. वर १ लिहा. त्याखाली १ १. त्याखाली १ २ १. मग १ ३ ३ १. दोन्ही टोकांना १ आणि मधला प्रत्येक आकडा वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. हा आपला मेरुप्रस्तार. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिताना तो समजावून सांगितला आहे.

आता ७ ची ओळ पाहा: १ ७ २१ ३५ ३५ २१ ७ १. टोकाचे १ सोडले, तर सगळ्यांना ७ ने भाग जातो. ६ ची ओळ आहे: १ ६ १५ २० १५ ६ १. इथे १५ ला ६ ने भाग जात नाही. म्हणजे ७ मूळ, ६ संयुक्त. ही कसोटी कधीच चुकत नाही!

पण शंभर अंकी संख्येची ओळ लिहिणार कशी? ती तर जगातल्या कोणत्याच कागदावर मावणार नाही. इथे कल्पना अशी, की लांबच लांब कापडाची घडी घालावी तशी या ओळीची घडी घालायची. ठरावीक अंतरावरचे आकडे एकमेकांत मिळवायचे आणि हिशेब चालू असतानाच घडी घालत जायचं. ओळ आखूड होते, पण धोका असा, की घडीत एखादी संयुक्त संख्या लपून निसटली तर?

रजत भट्टाचारजी आणि प्रशांत पांडे या बी.टेक.च्या दोन विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये या प्रश्नावर प्रकल्प केला. पुष्कळ उदाहरणं तपासून त्यांनी एक अंदाज बांधला, पण तो सिद्ध होईना. पुढच्या तुकडीतल्या नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ते काम पुढे नेलं. २००२ च्या उन्हाळ्यात ते बी.टेक. झाले आणि पीएच.डी.साठी कानपुरातच राहिले. सरांबरोबर बसून अखेर त्यांनी सिद्ध केलं, की घडीची लांबी नीट निवडली आणि अशा थोड्या तपासण्या केल्या, की एकही संयुक्त संख्या निसटत नाही. फक्त ९, २७ यांसारखे मूळ संख्यांचे घात आधी वेगळे काढायचे.

४ ऑगस्ट २००२, रविवार. नऊ पानांचा लेख त्यांनी पंधरा तज्ज्ञांना पाठवला. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी छापली. तिघांच्या आडनावांवरून या रितीला ‘एकेएस’ म्हणतात. २००६ मध्ये तिघांना गोडेल पुरस्कार मिळाला, २०१३ मध्ये सरांना पद्मश्री आणि २०२४ मध्ये ते आयआयटी कानपूरचे संचालक झाले.

एक गोष्ट मात्र खरी. रोजच्या व्यवहारात संगणक आजही जुन्या, थोडी शंका ठेवणाऱ्या रितीच वापरतात, कारण त्या जास्त वेगवान आहेत. मग एवढा खटाटोप कशाला? पालकहो, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. ‘बहुतेक बरोबर’ आणि ‘नक्की बरोबर’ यांत काय फरक आहे, हे त्यांना ९१ ने एव्हाना शिकवलं असेल.

आणि मुलांनो, मेरुप्रस्तार ११ च्या ओळीपर्यंत मांडा बरं! ९ च्या ओळीत कोणता आकडा अडतो?