हायकोर्ट कोल्हापुरात आलं, निकाल घरात कधी पोचणार?

कराडच्या कोर्टातला निकाल पटला नाही की पक्षकार पहिल्यांदा म्हणायचा, ‘हायकोर्टात जाऊ.’ त्यावर वकीलसाहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं: मुंबईला वकील बघावा लागेल. तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर, रात्रीची एसटी नाहीतर ट्रॅव्हल्स, सकाळी फोर्टातल्या दगडी इमारतीसमोर कागदांची पिशवी घेऊन उभं राहायचं, आणि संध्याकाळी ‘आज बोर्डावर पोचलंच नाही’ एवढंच ऐकून माघारी फिरायचं. चार गुंठ्यांच्या वादासाठी किंवा अडकलेल्या पगारासाठी हा खर्च कसा परवडणार? बऱ्याच जणांनी अपील मनातच सोडून दिलं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हे चित्र बदललं. कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे चालतात. कराडहून कोल्हापूर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं.

ही मागणी चार दशकांपासूनची. त्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाजावर बहिष्कारही घातला. १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झालेल्या या न्यायालयाची नागपूर, औरंगाबाद आणि पणजी इथे पीठं होती; दक्षिण महाराष्ट्र तेवढा राहिला होता. कोल्हापूरसाठी राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ मधल्या कलम ५१(३) चा आधार घेतला गेला. औरंगाबादचं पीठ १९८१ मध्ये याच कलमाखाली सुरू झालं, तेव्हा त्याला आव्हान मिळालं होतं आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पीठ वैध ठरवलं. न्याय माणसाच्या दाराशी यावा ही ओढ या मातीत तशी जुनीच आहे. १९४०च्या दशकात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच भागात न्यायदान मंडळं चालवली आणि गावचे तंटे गावातच सोडवले.

कोर्ट जवळ आलं, पण त्याचे निकाल अजून लांबच आहेत. ते इंग्रजीत असतात, पन्नास-पन्नास पानांचे असतात, आणि आपल्यापर्यंत पोचतो तो मोबाइलवरचा एका ओळीचा मथळा. त्या मथळ्यामागे काय ठरलं, हे कराडच्या घराला कळायला हवं.

सुरुवात महामार्गापासून करावी लागेल, कारण पुणे-बंगळूर रस्ता कराडच्या उंबऱ्यावरून जातो आणि अपघाताची झळ न लागलेली गावं या पट्ट्यात थोडीच सापडतील. अपघातानंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा दाखल होतो. निकाल लागल्यावर विमा कंपनी अनेकदा अपिलात जाते, आणि ते अपील उच्च न्यायालयात चालतं. घरातला कमावता माणूस गेलेला असतो आणि मंजूर झालेली रक्कम वर्षानुवर्षं अडकून पडते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिवकुमार डिगे यांनी असंच एक अपील फेटाळलं. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीचं मागचं टायर फुटलं, गाडी खड्ड्यात गेली आणि अडतीस वर्षांचा एक नोकरदार मरण पावला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये मंजूर केले. टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, त्याला कुणाचा इलाज नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. भूकंप किंवा पूर माणसाच्या हाती नसतो. टायरमधली हवा, त्याची झीज, गाडीचा वेग या गोष्टी मात्र माणूस तपासू शकतो आणि आवरू शकतो. टायर फुटलं म्हणून मालक आणि विमा कंपनी हात वर करू शकत नाहीत.

त्याच सुमारास याच न्यायमूर्तींपुढे दुसरं प्रकरण आलं. नवरा अपघातात गेला तेव्हा पत्नी अवघी एकोणीस वर्षांची होती. दावा चालू असताना तिने दुसरं लग्न केलं. आता तिला भरपाई कशाला, असा विमा कंपनीचा मुद्दा होता. भरपाई मिळेपर्यंत बाईने विधवाच राहावं ही अपेक्षा करता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. अपघाताच्या वेळी ती त्याची पत्नी होती, आणि हक्क त्यावर ठरतो. आपल्याकडे पुनर्विवाह केलेल्या सुनेला सासरची माणसं आणि कागदपत्रं दोन्ही चटकन विसरतात. अशा घरांनी हा निकाल जपून ठेवावा.

तिसरा निकाल त्याहून व्यापक आहे. २८ मार्च २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने मेडिक्लेमचा प्रश्न निकाली काढला. समजा, अपघातानंतर दवाखान्याचं बिल सहा लाख झालं आणि त्यातले चार लाख जखमी माणसाच्या स्वतःच्या मेडिक्लेममधून मिळाले. धडकलेल्या गाडीची विमा कंपनी म्हणायची, आता आमच्याकडून फक्त दोनच लाख. या मुद्द्यावर आधी वेगवेगळे निकाल होते. पूर्णपीठाने सांगितलं की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा होणार नाहीत. ते माणसाने स्वतःच्या खिशातून हप्ते भरून मिळवलेले असतात, आणि त्याच्या शहाणपणाचा फायदा चूक करणाऱ्याला देता येत नाही. मेडिक्लेमच्या वजावटीवर खालच्या न्यायाधिकरणांतला वाद या निर्णयाने मिटला.

मुदतीचं भान मात्र ठेवायला हवं. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, आणि न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्धचं अपील नव्वद दिवसांत करायचं असतं. तेराव्यानंतर बघू, सुगीनंतर बघू, असं करत हे दिवस निघून जातात.

जमिनीचा विषय निघाला की खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कृष्णा कालव्याखालचं प्रत्येक बागायतदार घर कान टवकारतं. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यात बदल झाला, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी पक्कं केलं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी याच वाटेवरची एक हद्द दाखवली. त्या कुटुंबातले वडील १९५२ मध्येच वारले होते, मागे विधवा आणि मुली होत्या. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा त्या वेळी नव्हताच. १९३७ च्या कायद्याने विधवेला मर्यादित हक्क दिला होता, मुलीला नाही. म्हणून १९५६ पूर्वी वारलेल्या आणि मागे विधवा असलेल्या बापाच्या मिळकतीत मुलीला वारस म्हणून हक्क सांगता येत नाही, असा निर्णय झाला.

हा निकाल वाचताना मन खट्टू होतं. बापाच्या जमिनीत मुलीलाही वाटा मिळावा, हे कुणालाही रास्त वाटेल. पण वारसा उघडतो त्या दिवशीचा कायदा लागू होतो, हे तत्त्व बदलणं न्यायालयाच्या हाती नव्हतं. दावा लावण्याआधी सातबाऱ्याबरोबर वडिलांच्या किंवा आजोबांच्या मृत्यूची तारीख आणि जुने फेरफार काढून पाहावेत. अर्धं प्रकरण तिथेच कळतं. हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी बहिणींनी तर ते पाहावंच.

नोकरीच्या निकालांत मथळे सर्वांत जास्त फसवतात. मार्च २०२५ मध्ये बातमी फिरली: सहकारी महिलेच्या केसांवर बोलणं म्हणजे लैंगिक छळ नाही. निकाल न्यायमूर्ती संदीप मारणे यांचा, प्रकरण एका खासगी बँकेच्या पुण्यातल्या अधिकाऱ्याचं. त्याने बैठकीत सहकारी महिलेला उद्देशून, एवढे केस सांभाळायला जेसीबी वापरत असशील, असं म्हटल्याचा आरोप होता. अंतर्गत समितीने त्याला दोषी धरलं आणि औद्योगिक न्यायालयाने ते कायम केलं. उच्च न्यायालयाने दोन्ही निर्णय रद्द केले. आरोप जसाच्या तसा खरा धरला तरी कायद्यातल्या लैंगिक छळाच्या व्याख्येत ही घटना बसत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. त्या प्रकरणातल्या घटना पाहून ते ठरलं. ऑफिसात बाईच्या दिसण्यावर वाटेल ते बोलायला मोकळीक मिळाली, असा अर्थ कुणी काढला असेल तर तो चुकीचा आहे.

मे २०२४ चा एक निकाल मात्र मुद्दाम सांगावा असा. विमानतळ प्राधिकरणातल्या एका महिलेला पहिला पती गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली. पुढे तिने दुसरं लग्न केलं. पहिल्या लग्नाचं एक मूल नोकरीपूर्वीचं होतं. दुसऱ्या लग्नानंतर दोन मुलं झाली. हयात अपत्यं दोन आहेत म्हणून प्राधिकरणाने शेवटच्या बाळंतपणाची रजा नाकारली. न्यायालय तिच्या बाजूने उभं राहिलं. नोकरीच्या काळात दोन वेळा रजा मिळावी हा त्या नियमाचा हेतू आहे, आणि पहिल्या मुलासाठी तिने रजा घेतलेलीच नव्हती, हे पाहून प्राधिकरणाला लाभ द्यायला सांगितलं.

सातारा-सांगलीत शिक्षणसंस्था भरपूर आहेत आणि त्यांतले वादही तितकेच. खासगी शाळेतून कमी केलेल्या शिक्षकाने आधी शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करायचं असतं. उच्च न्यायालयाची पायरी त्यानंतर येते. संस्थाचालकांच्या तोंडी आश्वासनावर विसंबून हे तीस दिवस गेले, तर पुढची लढाई अवघड होते.

फौजदारी बाजूला लोकांचा सर्वांत मोठा घोटाळा जामीन आणि निर्दोष सुटका यांत होतो. कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत सहा आरोपींना, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्हापूरच्या नव्या बेंचने आणखी तिघांना जामीन दिला. ‘सुटले’ अशी चर्चा झाली. पण आरोप तसेच आहेत. जानेवारीच्या आदेशामागचं कारण असं, की आरोपी वर्षानुवर्षं कोठडीत होते आणि खटला लवकर संपण्याची चिन्हं नव्हती. खटला वेळेत न चालल्याचं दुःख पानसरेंच्या कुटुंबाच्याच वाट्याला येतं, हे मान्य करूनही जामिनाला सुटका म्हणता येणार नाही.

उच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा नसतो, हेही ध्यानात असावं. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर पीठाने, त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाल्याशिवाय मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यातला लैंगिक अत्याचार होत नाही, असा निकाल दिला होता. देशभर संताप उसळला आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कधी कधी पक्षकाराला जावंही लागत नाही, न्यायालयच पुढे येतं. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून चालत शाळेला जातात, अशी बातमी जानेवारी २०२२ मध्ये आली. न्यायमूर्ती प्रसन्न वराळे आणि अनिल किलोर यांनी तिची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला.

कराडकरांनी आता एवढं करावं. निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. वकिलांकडून प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर घ्यावा, म्हणजे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारीख घरबसल्या दिसते. आणि पैसे नाहीत म्हणून थांबू नये: महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.