नव्वद फुटांच्या पलीकडे

२९ सप्टेंबर १९५४. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना सुरू आहे. आठवी इनिंग, स्कोअर २-२, क्लीव्हलंडचे दोन खेळाडू बेसवर. त्यांच्या विक वर्ट्झने चेंडू असा हाणला की तो मैदानाच्या मध्यभागी चारशे फुटांच्याही पुढे गेला. न्यूयॉर्क जायंट्सचा विली मेज चेंडूकडे पाठ करून कुंपणाच्या दिशेने धावत सुटला आणि पळता पळताच त्याने तो खांद्यावरून झेलला. वर्ट्झ बाद. पुढे दहाव्या इनिंगला जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या कडेने एक उंच फटका मारला. तो जेमतेम २६० फूट गेला आणि कुंपणापलीकडे पडला. होम रन! तीन धावा मिळाल्या आणि जायंट्सनी सामना ५-२ असा जिंकला.

चारशे फुटांवर बाद आणि २६० फुटांवर विजय, तेही एकाच मैदानावर, एकाच दुपारी. पोलो ग्राउंड्स हे भलतंच लांबुडकं मैदान होतं. उजव्या कडेचं कुंपण २५८ फुटांवर, तर मधलं ४८३ फुटांवर. हा किस्सा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, नियम करणाऱ्यांचं काहीतरी राहून गेलं असणार. पण गंमत अशी की बेसबॉलचे नियम कमालीचे काटेकोर आहेत. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर ९० फूट. पिचर जिथून चेंडू टाकतो तिथपासून होम प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, ६० फूट ६ इंचांवर. प्लेटची रुंदी १७ इंच. बोस्टनला जा नाहीतर लॉस एंजेलिसला, यात इंचाचाही फरक सापडणार नाही. हा काटेकोरपणा बेसच्या चौकोनापुरताच. होम प्लेटपासून काटकोनात दोन रेषा निघतात, त्यांच्यामधला प्रदेश कुठे संपवायचा, भिंत किती उंच बांधायची, सरळ की वाकडी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. १९५८नंतर बांधलेल्या मैदानांसाठी कडेला किमान ३२५ आणि मध्यभागी किमान ४०० फुटांची मर्यादा घातली गेली खरी, पण तिच्यातूनही सवलती मिळत आल्या आहेत.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे समजून घ्यायला एक सोपी वाट आहे. आपल्याकडे मैदानाचा स्वभाव खेळपट्टीत असतो. वानखेडेची लाल माती चेंडू उसळवते, दुसरीकडे तोच चेंडू खाली राहतो. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडताच बॅटरकडे येतो, त्यामुळे पायाखालच्या मातीला तिथे फारसं बोलायला वाव नाही. मैदान बोलतं ते भिंतीतून, वाऱ्यातून आणि हवेतून. म्हणूनच बेसबॉलचे चाहते सामन्यांइतकेच मैदानांचे वेडे असतात. मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगच्या, तीसही संघांची मैदानं पाहून व्हावीत असा ध्यास घेतलेली माणसं अमेरिकेत गल्लोगल्ली भेटतात. मलाही हे वेड आहे.

या वेडाची सुरुवात बोस्टनच्या फेनवे पार्कपासून करावी. २० एप्रिल १९१२ रोजी, टायटॅनिक बुडाल्यानंतर पाच दिवसांनी, तिथे पहिला लीग सामना झाला. मेजर लीगमधलं वापरात असलेलं हे सर्वांत जुनं मैदान. त्या काळात मैदानं शहराच्या ऐन वस्तीत, ट्रामच्या वाटेवर बांधत. रस्ते आधीच आखलेले होते. फेनवेच्या डाव्या अंगाला लॅन्सडाउन स्ट्रीट आडवा आला, तेव्हा मैदान तिथेच संपवावं लागलं. डाव्या कडेला ३१० फुटांवर कुंपण आलं. इतक्या जवळ साधं कुंपण ठेवून चालणार नव्हतं, म्हणून भिंत उभी राहिली. तीच आज ३७ फूट उंचीची, हिरव्या रंगाची ‘ग्रीन मॉन्स्टर’.

ही भिंत काय करते, ते पाहायला डाव्या बाजूला बसा. बॅटर उंच फटका मारतो. इतर कुठल्याही मैदानावर हा सोपा झेल. इथे डावीकडचा आउटफिल्डर (दूरचा क्षेत्ररक्षक) वर बघतो, दोन पावलं मागे सरतो आणि अचानक मैदानाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करतो. चेंडू त्याच्या डोक्याच्या वर, भिंतीवर थाडकन आपटतो. आता तो कुठल्या कोनातून परत येणार, हे आधी ओळखायचं. भिंतीचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा नाही. स्कोअरबोर्डवर आदळलेला चेंडू वेगळा येतो, वरच्या भागावरचा वेगळा. भिंतीवर चक्क एक लोखंडी शिडी आहे. तिला लागला तर तो कुठेही जातो. कार्ल यास्त्रेम्स्की १९६१ ते १९८३ बोस्टनकडून खेळला आणि त्यातली बरीच वर्षं त्याने या भिंतीखाली काढली. झेल जणू हातात येणारच आहे असा आव आणून तो स्वस्थ उभा राही, बेसवरचा खेळाडू फसून थबके, आणि मग चेंडू भिंतीवर आदळे. गंमत म्हणजे हीच भिंत बॅटरवर अन्यायही करते. जो जोरकस, सपाट फटका दुसरीकडे होम रन ठरला असता, तो इथे तीस फूट उंचीवर भिंतीला अडतो आणि दोन बेसवर समाधान मानावं लागतं.

त्या भिंतीच्या पोटात माणसं बसतात. आजही तिथला स्कोअरबोर्ड हातानेच चालतो, आकड्यांच्या पाट्या माणसंच बदलतात. बोर्डावरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्यांवर टिंबं आणि रेघा दिसतात. ती आहेत एकेकाळचे मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरं, मोर्स लिपीत! आणि समोर, उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच खुर्ची लाल. १९४६ साली टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा होम रन तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती टोपीला भोक पाडून गेला होता.

वस्तीने मैदानाला आकार देण्याचा कळस वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर झाला. मधल्या भागातल्या पाच घरांच्या मालकांनी जागा विकायला नकार दिला, तेव्हा कुंपणाने त्या घरांना आणि शेजारच्या मोठ्या झाडाला वळसा घातला. मैदानाला तिथे एक कोपरा आला आणि तो तसाच खेळात धरला गेला. हे मैदान आता नाही. मला याची फार हळहळ वाटते.

शिकागोच्या रिग्ली फील्डवर भिंत विटांची, आणि तिच्यावर १९३७ साली लावलेल्या वेली. चेंडू त्या पानांत अडकला तर आउटफिल्डरने दोन्ही हात वर करायचे. पंच बॅटरला दोन बेस देतो. पानांत हात घालून चेंडू शोधू लागलात तर मात्र खेळ चालूच राहतो. एप्रिलमध्ये या वेली वठल्यासारख्या दिसतात, त्यामुळे चेंडू लपायचा हा प्रश्न खरा उन्हाळ्यातलाच. इथला मोठा खेळाडू म्हणजे वारा. तो मिशिगन सरोवराकडून आत येतो तेव्हा उत्तम फटके हवेतच मरतात. उलट फिरला की काय होतं, ते १७ मे १९७९ला दिसलं: फिलाडेल्फिया २३, शिकागो २२. रिग्लीवर दिवे लागले तेही १९८८च्या ऑगस्टमध्ये. तोवर इथले मेजर लीगचे सगळे सामने उन्हातच होत.

पण निव्वळ विज्ञानाच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त चकित केलं डेन्व्हरच्या कूर्स फील्डने. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंचीवर. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरची खुर्च्यांची एक रांग जांभळी आहे. तिथे बसलात की तुम्ही मैलाच्या उंचीवर. इथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण १८ टक्के विरळ. म्हणून चेंडूला विरोध कमी होतो आणि एरवी ४०० फूट जाणारा फटका वीसेक फूट तरी पुढे जातो. एवढं सगळेच सांगतात. त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. पिचरचा कर्व्हबॉल वळतो तो हवेमुळेच. फिरणारा चेंडू आपल्या भोवतीची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः विरुद्ध बाजूला वळतो. हवाच विरळ, मग ढकलायचं कशाला? तोच हात, तीच पकड, पण चेंडू नेहमीइतका वळत नाही. म्हणजे हवा बॅटरला दोनदा मदत करते: आधी चेंडू सरळ ठेवून, मग तो दूर नेऊन.

कुंपणं लांब नेऊन उपाय केला, तर एक नवीच अडचण उभी राहिली. आउटफिल्डरना राखायला एवढी मोकळी जागा उरली की तिथे साधे फटकेही पडू लागले. अखेर २००२ साली चेंडू ठेवायला दमट हवेची बंदिस्त खोली आली. कोरड्या पहाडी हवेत चेंडू सुकून टणक होतात आणि बॅटवरून जास्त उसळतात. ठरावीक दमटपणात ठेवले की उसळी कमी होते, पिचरला पकडही नीट मिळते. होम रन कमी झाले. ही युक्ती इतकी पटली की २०२२पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर चेंडू अशाच खोल्यांत ठेवतात.

आणि छत घातलं तर? ह्यूस्टनला १९६५ साली ॲस्ट्रोडोम उघडला. छताच्या पारदर्शक तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपू लागले, उंच चेंडू दिसेना. तावदानं रंगवली. उजेड अडला, तसं खालचं गवत मेलं. मग १९६६ साली कृत्रिम गवत अंथरलं, तेच ‘ॲस्ट्रोटर्फ’. आज जगभरच्या हॉकीपटूंच्या तोंडी असलेला हा शब्द बेसबॉलच्या एका छतातून आला! पुढे पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया अशा शहरांनी अमेरिकन फुटबॉललाही चालतील अशी गोल, एकसारखी स्टेडियमं बांधली. ती पाडली गेली याचं मला जराही दुःख नाही. जिथे बसल्यावर आपण कुठल्या गावात आहोत हे कळत नाही, ते बेसबॉलचं मैदान नव्हे.

१९९२ साली बाल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्सने वारं फिरवलं. उजवीकडे हजार फुटांहून लांब, जुनं विटांचं रेल्वे गोदाम होतं, ते न पाडता सोबतीला ठेवलं. त्याच्या पुढ्यातल्या फरशीवर, जिथे होम रन पडले तिथे, पितळी चकत्या बसवल्या आहेत. मग सॅन फ्रान्सिस्कोने मैदान थेट खाडीला भिडवलं. उजवीकडची भिंत २४ फुटांची, कारण न्यूयॉर्कहून इथे आलेल्या जायंट्सच्या विली मेजचा क्रमांक २४. तिच्यावरून गेलेला चेंडू पाण्यात पडतो आणि लोक छोट्या होड्यांतून तो टिपायला थांबलेले असतात. पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कची भिंत २१ फुटांची, ती पिट्सबर्गचाच खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते याच्या क्रमांकासाठी. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना १९७२च्या शेवटच्या दिवशी त्याचं विमान कोसळलं. त्याच्याच नावाच्या पुलावरून, सामन्याच्या दिवशी गाड्या बंद असतात तेव्हा, नदी ओलांडून मैदानात चालत जाता येतं. देखणेपणात पीएनसी पार्क पहिलं, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियमही देखणं, मागे डोंगरांची रांग. पण ते ज्या चावेझ रवीनमध्ये उभं आहे, तिथली मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं पन्नाशीच्या दशकात घरांतून उठवली गेली. सरकारी घरं बांधायची म्हणून जागा घेतली, ती घरं झालीच नाहीत आणि १९६२ साली तिथे स्टेडियम उघडलं. ग्रिफिथच्या कुंपणाने पाच घरांना वळसा घातला होता, इथे तसं कुणी केलं नाही. तिथे बसताना हे माहीत असलेलं बरं.

मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेला जाणार असाल, तर एप्रिल ते सप्टेंबरमधली एक संध्याकाळ राखून ठेवा. प्रत्येक संघ घरच्या मैदानावर ८१ सामने खेळतो, त्यामुळे कुठलाही आठवडा घ्या, जवळपास सामना सापडेल. नियम येत नसले तरी चालतील. तिकीट होम प्लेटच्या मागचं, वरच्या मजल्यावरचं घ्या. ते तुलनेने स्वस्त असतं आणि तिथूनच मैदानाचा आकार पूर्ण दिसतो. तासभर आधी पोचा. आधी झेंडे बघा, वारा कुठे वाहतोय ते कळेल. मग भिंतीवर रंगवलेले फुटांचे आकडे वाचा, आणि शेजारच्या माणसाला विचारा की ही भिंत इथेच का. तो सगळं सांगेल.