ओवी कुणाची, गाव कुठलं?

‘आमच्याकडे कुठलं आलंय साहित्य?’ असं म्हणणाऱ्या बाईच्याच घरात पुष्कळदा कोपऱ्यात जातं असतं. दळण गिरणीत जायला लागलं आणि जातं लग्नातल्या हळदीपुरतं उरलं. पण त्याच जात्यावर पहाटे बसून आज्या, सासवा, आत्या ज्या ओव्या म्हणायच्या, ते बायकांनी स्वतः रचलेलं केवढं मोठं मराठी साहित्य आहे! कामशेतहून आत नाणे मावळात, पवन मावळात गेलात, तर एखाद्या म्हाताऱ्या मावशींना त्या अजूनही आठवत असतील.

हल्ली कॉलेजातल्या मुली, मुलं मोठी झाल्यावर मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या गृहिणी लोकसाहित्यावर प्रकल्प करतात. तेव्हा दोन प्रश्न येतात. माहिती आणायची कुठून? आणि आणलेली माहिती खरी कशावरून?

याचं चांगलं उदाहरण आपल्याच डोंगरात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ हे दोघे मुळशी-मावळातल्या कष्टकरी बायकांबरोबर काम करत होते. बायका मनातलं सांगताना ओव्यांचा आधार घेतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग वीसेक वर्षं गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या वेबसाइटवर या ओव्या येऊ लागल्या. मोबाइलवर वाचता येतात, काही गाणाऱ्या बाईच्याच आवाजात ऐकताही येतात.

यातलं मोलाचं काय, तर ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव आहे. साने गुरुजींचं ‘स्त्रीजीवन’ किंवा डॉ. सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेले लोकसाहित्याचे संग्रह जरूर वाचा. ते नसते तर कितीतरी ओव्या आपल्यापर्यंत आल्याच नसत्या. पण जुन्या संग्रहांत बहुतेकदा ओवी असते, बाई नसते. ती कोणत्या गावची, कोणत्या घरातली, हे कळलं नाही तर ती कुणाचं दुःख सांगतेय, हेही नीट कळत नाही.

गावाच्या बाबतीत तर आणखी एक खुबी आहे. बाई राहते कामशेतला, पण तिच्या ओव्या माहेरच्या असू शकतात. माहेर जुन्नरकडचं असेल तर त्या ओव्या ‘मावळातल्या’ म्हणून लिहिणं चूकच. म्हणून ‘ही कुणाकडून शिकलात? माहेरी की सासरी?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

नावांचीही गफलत होते. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. बहिणाबाई चौधरी खानदेशातल्या, १९५१ साली निवर्तलेल्या. फक्त ‘बहिणाबाईंची कविता’ एवढंच लिहून मोबाइलवर काही आलं, तर आधी विचारा, कोणत्या बहिणाबाई? आणि कोणत्या पुस्तकात? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मंडळींनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. पुस्तकात नसलेली कविता कुणी त्यांच्या नावावर खपवत असेल तर पुरावा मागायला संकोच कसला? तसंच, ओवीत ‘जनी’ आली म्हणजे ती संत जनाबाईंनी रचली असं होत नाही. दळताना जनीची आठवण कोणत्याही बाईला येते.

छापील पुस्तकांसाठी पुण्याला एक खेप जरूर करा. कामशेतहून लोकलने सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ सालची, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचं. जाण्याआधी फोन करून वेळ आणि नियम विचारा. जुनं पुस्तक कधी निघालं, हे शोधायला शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मागा. पुस्तक हातात आलं की आवृत्ती, साल, संपादक आधी टिपा. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ सालचं. पुढे ते जवळजवळ विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. बाईने लिहिलेलं असं मागे पडतं, पण शोधणारं कुणी भेटलं तर परतही येतं.

आणि घरातली जिवंत पोथी? तिच्याजवळ बसताना एवढं सांभाळा. आधी परवानगी घ्या. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. शब्द ‘शुद्ध’ करू नका. ती ‘व्हता’ म्हणाली तर ‘व्हता’च लिहा. तिचं नाव, वय, माहेर, सासर, तारीख लिहा. न कळलेला शब्द अंदाजाने भरू नका, पुन्हा विचारा. तीच ओवी शेजारच्या गावात वेगळी ऐकू आली तर एक खरी, एक खोटी असं ठरवू नका. भावाचं नाव बदलतं, नदी बदलते, दोन्ही नोंदवा. ऐकलेलं आणि वाचलेलं मात्र वेगवेगळं ठेवा.

जातं फिरवलेल्या बायका आता थोड्याच उरल्यात, मैत्रिणींनो. त्यांच्या ओव्या राहिल्याच, तरी नावाशिवाय राहिल्या तर बाई पुन्हा निनावीच. तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीत ओवीच्या आधी तिचं नाव येऊ द्या.